किलोमागे किती वॅट? : अंतराळयानांचे हलके सौरपंख

(वार्षिक उत्सवाच्या व्याख्यानमालेत सभामंडपात केलेल्या भाषणाचा मजकूर)



या सभामंडपात आजवर संतवाङ्मय, नाट्यसंगीत, आपल्या कुळांची स्थलांतरे अशा विषयांवर अधिकारी व्यक्तींची भाषणे झाली. त्याच व्यासपीठावरून एका निवृत्त कारकुनाने अंतराळयानांच्या सौरपंखांविषयी बोलावे, हे कित्येकांना विचित्र वाटले असेल. मी शास्त्रज्ञ नव्हे, अभियंता तर नव्हेच. जमा आणि खर्च हे दोन रकाने जुळवण्यात माझे आयुष्य गेले. तरीही हा विषय मी समितीकडून मागून घेतला, आणि त्याला एक कारण घडले.

गेल्या आमसभेत अग्रशाळेच्या छपरावर सौर तक्ते बसवण्याचा ठराव आला, हे आपणांस ठाऊक आहे. ठराव चांगला होता. मी हात वर केला, आपणही केलात. त्या वेळी मागच्या रांगेत बसलेले एक वृद्ध महाजन काही विचारण्यासाठी उभे राहिले होते. सभेला उशीर झाला होता, पालखीची वेळ जवळ आली होती. त्यांना बसायला सांगण्यात आले, आणि इतिवृत्त लिहिणाऱ्या माझ्या हाताने लिहिले, "एकमताने मंजूर." बाहेर पायऱ्यांवर त्यांनी मला गाठले आणि शांतपणे विचारले, "तक्त्यांचे वजन किती, हे कुणी विचारले काय?"

कुणी विचारले नव्हते. मीही नाही. घरी येऊन चौकशी केली तेव्हा कळले, की जमिनीवर वापरतात त्या काचेच्या तक्त्याचे वजन एका चौरस मीटरमागे साधारण दहा-बारा किलो भरते. शंभर चौरस मीटर तक्ते म्हणजे एक टनाहून अधिक भार, आणि लोखंडी सांगाडा त्याहून वेगळा. हा सगळा भार अग्रशाळेच्या जुन्या वाशांवर आणि रिपांवर. त्या रात्री मनात आले, की ज्यांना एकेका किलोचा हिशेब द्यावा लागतो, ती अंतराळयाने बांधणारी माणसे हेच काम कसे करीत असतील? त्या कुतूहलाने वाचत गेलो. जे हाती लागले ते आज आपल्यापुढे ठेवतो.

प्रथम जमेची बाजू पाहू. पृथ्वीच्या वातावरणाबाहेर सूर्यासमोर धरलेल्या एक चौरस मीटर पृष्ठावर सुमारे १,३६१ वॅट इतकी ऊर्जा पडते. तिथे ढग नाहीत, पाऊस नाही. त्या उजेडाचे विजेत रूपांतर करणारा सिलिकनचा पहिला कामचलाऊ सौरघट अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेने २५ एप्रिल १९५४ रोजी जगाला दाखवला. चॅपिन, फुलर आणि पिअरसन हे त्याचे तीन जनक. अंगावर पडलेल्या ऊर्जेपैकी अवघी सहा टक्के तो विजेत बदलत असे. आज अंतराळात वापरतात ते घट निरनिराळ्या अर्धवाहकांचे तीन थर एकावर एक रचून बनवतात. प्रत्येक थर प्रकाशाचा आपापला रंग टिपतो, आणि तिन्ही मिळून सुमारे तीस टक्क्यांपर्यंत मजल जाते. म्हणजे एका चौरस मीटरमागे चारशे वॅटच्या आसपास जमा.

आता खर्चाची बाजू. यान वर नेणाऱ्या अग्निबाणाच्या वजनाचा बहुतेक भाग इंधनाचाच असतो. यानाचे वजन एका किलोने वाढले, की तो किलो उचलण्यासाठी इंधन वाढते, आणि ते वाढीव इंधन उचलण्यासाठी आणखी इंधन लागते. चक्रवाढ व्याजाचाच हा प्रकार. म्हणून सौरपंखाचा कस लावताना तो किती वीज देतो एवढेच विचारून भागत नाही, एका किलोमागे किती वॅट देतो हे विचारावे लागते. शिवाय दुसरी अडचण जागेची. अग्निबाणाच्या टोकावरील टोपणात जे मावेल तेवढेच वर जाते. पंख जाताना चिमूटभर जागेत बसला पाहिजे आणि वर पोचल्यावर अंगणाएवढा पसरला पाहिजे. हलकेपणा, घडी आणि उलगडणे या तीन गोष्टींभोवती या विद्येचा सारा इतिहास फिरतो.

सुरुवात अगदी लहानशी होती. १७ मार्च १९५८ रोजी अमेरिकेने 'व्हॅनगार्ड-१' हा उपग्रह सोडला. मोठ्या मोसंबीएवढा गोळा, व्यास साडेसोळा सेंटिमीटर, वजन दीड किलोहूनही किंचित कमी. त्याच्या अंगावर सौरघटांचे सहा छोटे चौकोन जडवले होते. सोबत एक बॅटरीही होती. ती त्याच वर्षी जून महिन्यात संपली. सौरघटांवर चालणारा प्रक्षेपक मात्र १९६४ पर्यंत बोलत राहिला. तो गोळा आता मुका आहे, पण पृथ्वीभोवती अद्याप फिरतो आहे. अंतराळात दीर्घकाळ संसार करायचा तर शिधा सूर्याकडूनच घ्यावा लागेल, हे त्याने ठरवून टाकले.

आपला 'आर्यभट' १९ एप्रिल १९७५ रोजी सोव्हिएत भूमीवरून सुटला. त्याचेही घट अंगावरच जडवलेले होते, वेगळे पंख नव्हते. वजन सुमारे ३६० किलो, आणि वीज मिळत असे ती सेहेचाळीस वॅटच्या आसपास, म्हणजे देवळीतल्या एका जुन्या दिव्यापुरती. वीजपुरवठ्यातील बिघाडामुळे त्याच्यावरील वैज्ञानिक प्रयोग चारच दिवसांत थांबले. पहिल्या पावलाला आपण जो धडा शिकलो तोही विजेचाच होता.

अंगावर जडवलेल्या घटांतील अर्धेअधिक घट कोणत्याही क्षणी सावलीत असतात. म्हणून पुढे पंख आले. यानाच्या दोन्ही बाजूंस बिजागरीवर घडी घातलेले तक्ते, वर गेल्यावर उघडायचे आणि सूर्याकडे तोंड करून फिरत राहायचे. हे तक्ते आतून पोकळ असतात. मधमाशांच्या पोळ्यासारखी अ‍ॅल्युमिनियमच्या पातळ पत्र्याची षट्कोनी जाळी, तिच्या दोन्ही अंगांना कार्बनच्या तंतूंचे पातळ आवरण, त्यावर विजेपासून अलग ठेवणारा थर, त्यावर घट आणि घटांवर काच. काच केसाहून किंचित जाड एवढीच, पण ती टाळता येत नाही. अंतराळात विद्युत्‌भारित कणांचा मारा अखंड चालू असतो आणि त्याने घट हळूहळू निस्तेज होतात. वजन वाचवण्यासाठी काच काढली तर पहिल्या वर्षी जमा वाढते आणि पुढच्या वर्षांत दिवाळे निघते.

तक्त्यांचा पंख भरवशाचा खरा, पण मोठा करू गेले की जड होतो. मग अभियंत्यांनी विचार केला, की तक्ताच काढून टाकला तर? पॉलिइमाइड नावाच्या पिवळसर, कागदासारख्या पातळ चादरीवर घट चिकटवावेत आणि चादरीची घडी घालावी. ३० ऑगस्ट १९८४ रोजी सुटलेल्या 'डिस्कव्हरी' या अवकाशयानातून असा एक पंख चाचणीसाठी नेला होता. तो पुरता उलगडल्यावर सुमारे एकतीस मीटर लांब आणि चार मीटर रुंद होत असे. मिटल्यावर त्याच घडीची जाडी वीतभरही भरत नसे. भजनाच्या वेळी आपण बाजाच्या पेटीचा भाता पाहतो, तशी ही घडी. आंतरराष्ट्रीय अंतराळ स्थानकाचे आठ थोरले पंख याच रीतीने बनले. प्रत्येक पंख सुमारे चौतीस मीटर लांब, बारा मीटर रुंद, आणि त्यावर बत्तीस हजारांहून अधिक घट.

आणि इथे, महाजनहो, आपण खर्चाच्या रकान्यात न दिसणाऱ्या गोष्टीकडे येतो. जी वस्तू घडी घालून नेतात, ती उघडेलच याची हमी कोण देणार? पृथ्वीवर पंख तपासताना गुरुत्वाकर्षण आडवे येते. जो पंख अंतराळात तरंगत उघडायचा, तो इथे स्वतःच्याच भाराने वाकतो. म्हणून तो दोऱ्यांनी टांगून, गाड्यांवर ठेवून उघडून पाहतात. तरीही खरी परीक्षा एकदाच होते, आणि ती जिथे हात पोचत नाही तिथे.

या परीक्षेच्या चार कथा सांगतो.

पहिली 'स्कायलॅब'ची. १४ मे १९७३ रोजी हे अमेरिकन अंतराळ स्थानक वर जाताना त्याचे संरक्षक कवच निखळले. जाताना त्याने एक थोरला सौरपंख उपटून नेला, आणि दुसरा पंख त्याच कवचाच्या एका पट्टीत अडकून पडला. स्थानकाला जेमतेम वीज उरली. पहिली तुकडी वर पोचली, आणि ७ जून रोजी कॉनरॅड व कर्विन हे दोन अंतराळवीर बाहेर पडले. लांब दांडीच्या टोकाला बांधलेल्या कातरीने त्यांनी ती पट्टी कापली, मग दोर बांधून, पाय रोवून पंख ओढला. एकदम सुटलेल्या बिजागरीने दोघांनाही उडवले, पण पंख उघडला. कोट्यवधी डॉलरचे स्थानक एका पट्टीपायी अडले होते, आणि एका कातरीने सुटले.

दुसरी आपल्या घरची. १९ जून १९८१ रोजी एरियन अग्निबाणातून गेलेल्या 'अ‍ॅपल' या आपल्या उपग्रहाचा एक सौरपंख उघडलाच नाही. एका पंखाच्या विजेवर शास्त्रज्ञांनी काटकसरीने दोन वर्षांहून अधिक काळ त्याच्याकडून काम करून घेतले. त्यानंतर १० एप्रिल १९८२ रोजी 'इन्सॅट-१ए' गेला. त्याचा सौरपंख एकाच बाजूस होता, कारण दुसरी बाजू हवामानाची छायाचित्रे घेणाऱ्या उपकरणासाठी थंड राखायची होती. प्रकाशालाही दाब असतो, अत्यंत अल्प पण अखंड. एकाच बाजूच्या पंखावर तो पडत राहिला की उपग्रह वळू लागतो. तो दाब तोलण्यासाठी दुसऱ्या बाजूस एका दांड्यावर हलके शीड ठेवले होते. ते उलगडले नाही. उपग्रहाचे तोंड नीट राखण्यात इंधन संपले, आणि त्याच वर्षी सप्टेंबरात तो सोडून द्यावा लागला. पाठोपाठ ३० ऑगस्ट १९८३ रोजी 'चॅलेंजर'मधून 'इन्सॅट-१बी' गेला, आणि त्याचा सौरपंखही अडला. सप्टेंबरच्या मध्यापर्यंत नियंत्रकांनी प्रयत्न केले आणि अखेरीस पंख उघडला. पुढे घराघरांत दूरदर्शन पोचले, वादळांची चित्रे वेधशाळेला मिळू लागली, त्यात या उपग्रहाचा मोठा वाटा होता. एका बिजागरीने किती घरांचा उजेड अडवून धरला होता, याची तेव्हा आपल्याला कल्पनाही नव्हती.

तिसरी कथा 'हबल' दुर्बिणीची, आणि मला ती सर्वांत बोधप्रद वाटते. एप्रिल १९९० मध्ये ती वर गेली तेव्हा तिचे पंख युरोपीय बनावटीचे, लवचीक आणि गुंडाळी उलगडणारे होते. सुताराची पोलादी मोजपट्टी आपण पाहतो. डबीत ती गुंडाळून राहते, बाहेर ओढली की ताठ उभी राहते. तशाच पातळ पोलादी पट्ट्यांच्या नळ्या पंखांना ताणून धरीत. कल्पना हलकी आणि देखणी. पण दुर्बीण दर दीड तासाने पृथ्वीला प्रदक्षिणा घालते, म्हणजे दिवसातून पंधरा-सोळा वेळा उन्हातून सावलीत आणि सावलीतून उन्हात येते. प्रत्येक वेळी त्या पट्ट्या तापून किंवा निवून वाकत आणि सारी दुर्बीण थरथरे. दूरच्या ताऱ्यावर नजर खिळवून बसायचे ज्याचे काम, त्याचेच अंग कापू लागले. डिसेंबर १९९३ मध्ये अंतराळवीरांनी ते पंख बदलले. जुन्यांपैकी एक इतका वाकला होता, की तो मिटेना. कॅथरिन थॉर्नटन या अंतराळवीर महिलेने तो हातात धरून अंतराळात सोडून दिला. पुढे २००२ साली तिसरी जोडी बसवली ती पुन्हा ताठ तक्त्यांची. आकार पूर्वीच्या दोनतृतीयांश, कारण दरम्यान घट सुधारले होते, आणि वीज मात्र पूर्वीपेक्षा जास्त. अतिहलके हेच नेहमी श्रेष्ठ, असे या विद्येत कुणी म्हणत नाही. वजन, ताठपणा आणि भरवसा यांचा तोल ज्या कामासाठी जसा हवा, तसाच साधावा लागतो.

चौथी कथा २००७ ची. अंतराळ स्थानकाचा एक थोरला पंख जागा बदलून पुन्हा उघडत असताना एका मार्गदर्शक तारेत अडकला आणि दोन ठिकाणी फाटला. अर्धवट उघडलेला पंख धड मिटेना, धड ताणला जाईना. आतील सहकाऱ्यांनी तारा आणि अ‍ॅल्युमिनियमच्या पट्ट्या घेऊन सदऱ्याच्या बाह्यांना लावतात तशा जोडगुंड्या घडवल्या. ३ नोव्हेंबर रोजी डॉक्टर असलेले अंतराळवीर स्कॉट पॅराझिन्स्की एका लांब यांत्रिक बाहूच्या टोकावर उभे राहून तिथवर गेले. सूर्यप्रकाशात पंख बंद करता येत नाही, त्यात वीज खेळतच असते. म्हणून हत्यारांच्या धातूवर वीजरोधक पट्टी गुंडाळली होती. त्यांनी अडकलेली तार कापली, आणि फाटलेल्या चादरीला पाच टाके घातल्यासारख्या पाच जोडगुंड्या ओवल्या. पंख पुरता ताणला गेला.

या अनुभवांतून पुढची पिढी घडली. जपानचे प्राध्यापक कोर्यो मिउरा यांनी कागदाच्या घडीवर विचार केला. आपण नकाशा चौकोनी घड्या घालून मिटतो आणि उघडताना एकेक घडी सोडवत बसतो. मिउरांनी घड्या किंचित तिरक्या घातल्या. मग दोन कोपरे धरून ओढले की सारा कागद एकदम पसरतो, आणि ढकलले की एकदम मिटतो. मार्च १९९५ मध्ये सोडलेल्या जपानी यानावर या घडीचा पंख अंतराळात उघडून पाहिला गेला. त्याच जपानने मे २०१० मध्ये 'इकारोस' सोडले. चौदा मीटर लांब आणि तितक्याच रुंद अशा चौरस शिडाची जाडी साडेसात मायक्रॉन, म्हणजे केसाच्या जाडीचा जेमतेम दहावा हिस्सा, आणि त्याच शिडाच्या काही भागावर पातळ सौरघट. इन्सॅटला ज्या प्रकाशदाबाने छळले, त्याच दाबावर हे यान शीड पसरून गेले.

दुसरी वाट हातपंख्याची. मधल्या खुंटीभोवती पाकळ्या गोल उघडत जातात आणि पूर्ण वर्तुळ झाले की कडेला कडी बसते. १६ ऑक्टोबर २०२१ रोजी सुटलेल्या 'ल्युसी' यानाचे दोन पंख असे आहेत. प्रत्येकाचा व्यास सात मीटरहून अधिक, मिटल्यावर जाडी सुमारे दहा सेंटिमीटर, आणि वजन सुमारे सत्त्याहत्तर किलो. दोन्ही मिळून पृथ्वीजवळ अठरा हजार वॅट देतात. भागाकार करून पाहा, किलोमागे शंभराहून अधिक वॅट. एवढी वीज कशाला, असे वाटेल. पण ल्युसीला गुरूच्या कक्षेपाशी जायचे आहे. तिथे अंतर पृथ्वीच्या पाचपटींहून अधिक, आणि उजेड अंतराच्या वर्गाने घटतो. पृथ्वीजवळचे १,३६१ वॅट गुरूपाशी पन्नासवर येतात, आणि ल्युसीचे अठरा हजार जेमतेम पाचशेवर.

या यानाचा एक पंख वर्तुळ पुरे करण्याआधीच थांबला. ओढणारी दोरी सैल पडून गुंतली होती. यान लक्षावधी किलोमीटर दूर, तिथे कातर घेऊन जाणारा कुणी नाही. अभियंत्यांनी पृथ्वीवर तशाच यंत्रावर महिनोन्‌महिने प्रयोग केले, आणि मग २०२२ च्या उन्हाळ्यात मुख्य व राखीव अशा दोन्ही मोटरी एकदम चालवून दोरी थोडी थोडी ओढून घेतली. तीनशे साठ अंशांपैकी तीनशे त्रेपन्नांपलीकडे पंख उघडला, कडी मात्र बसली नाही. पंख पुरेसा ताठ आहे असे पाहून त्यांनी हात आवरला. १ नोव्हेंबर २०२३ रोजी आणि पुन्हा २० एप्रिल २०२५ रोजी ते यान दोन लघुग्रहांजवळून सुखरूप गेले. पूर्णत्वाचा हट्ट केव्हा सोडावा, हेही हिशेबातच येते.

तिसरी वाट आपल्या अंगणातली, चटई उलगडण्याची. कार्बनच्या तंतूंच्या दोन चिरलेल्या नळ्या चपट्या करून चटईसह गुंडाळतात. त्यांना मूळ आकारात परतायची ओढ असते. बंध सोडले की त्या आपल्याच जोराने उलगडत जातात, मोटर लागत नाही. पोलादाऐवजी कार्बनतंतू असल्याने ऊन-सावलीत त्या फारशा वाकत नाहीत, म्हणजे हबलचा धडा इथे कामी आला. जून २०१७ मध्ये स्थानकावर या पंखाची चाचणी झाली. उलगडणे उत्तम झाले, पण पुन्हा गुंडाळून कडी बसवता आली नाही आणि तो सोडून द्यावा लागला. तरी मूळ हेतू साधला होता. २०२१ ते २०२३ या काळात असे सहा पंख स्थानकाच्या जुन्या पंखांसमोर बसवले गेले.

आता माझ्या आवडीचा हिशेब. स्थानकाचा जुना पंख सुमारे अकराशे किलोचा, नवा असताना सुमारे एकतीस हजार वॅट देणारा. किलोमागे अठ्ठावीस वॅट. नवी चटई सुमारे तीनशे चाळीस किलोची, वीस हजार वॅटहून अधिक देणारी. किलोमागे साठच्या घरात. दुप्पट झाली असे म्हणून टाळ्या वाजवण्याआधी कारकून एक टीप लिहील. नव्या पंखाला सूर्याकडे फिरवणारी यंत्रणा जुन्याचीच आहे, तिचे वजन नव्याच्या खात्यात धरलेले नाही. हिशेब खोटा नव्हे, पण टीप लिहिली पाहिजे.

शेवटी एक कथा अंधाराची. आपले मंगळयान ५ नोव्हेंबर २०१३ रोजी सुटले आणि २४ सप्टेंबर २०१४ रोजी मंगळाभोवती स्थिरावले. एकाच बाजूस तीन तक्त्यांचा पंख, प्रत्येक तक्ता १.८ मीटर लांब आणि १.४ मीटर रुंद. मंगळावर उजेड पृथ्वीच्या निम्म्याहून कमी, तरी तिथे सुमारे ८४० वॅट मिळत. सहा महिन्यांसाठी पाठवलेले हे यान आठ वर्षे टिकले. त्याची बॅटरी सुमारे एक तास चाळीस मिनिटांची सावली सोसेल अशा बेताने केली होती. इंधन संपत आले तशी कक्षा बदलून सावल्या टाळणे अवघड झाले. एप्रिल २०२२ मध्ये साडेसात तासांचे दीर्घ ग्रहण आले, आणि त्यानंतर यानाशी संपर्क झाला नाही. पंख शाबूत होते. कमी पडला तो अंधाराचा शिधा.

आता मी अग्रशाळेच्या छपराकडे परत येतो. अंतराळातील पातळ चटई आपल्या छपरावर चालणार नाही, हे उघड आहे. तिथे वारा नाही, पाऊस नाही, आणि किंमत पाहण्याची आपली ऐपतही नाही. घ्यायची ती त्यांची विचारण्याची पद्धत. यानाचा एखादा भाग मंजूर होण्यापूर्वी त्या मंडळींत भारावर बोट ठेवणारा, बिजागरी अडली तर काय असे विचारणारा आणि सावली किती तासांची हे मोजणारा माणूस असावाच लागतो. त्याला कुणी विरोधक म्हणत नाही. तो नसेल तर यान सोडत नाहीत.

ठराव मागे घ्यावा असे माझे म्हणणे नाही. मी पुन्हाही हातच वर करीन. मात्र काम सोपवण्यापूर्वी जाणत्या सुताराकडून आणि अभियंत्याकडून वासे तपासून घ्यावेत, मृग-आर्द्रांच्या वाऱ्यात तक्ते उचलले जाणार नाहीत अशी बांधणी लिहून घ्यावी, आणि रात्रीच्या उत्सवाला वीज कोठून येणार याचा हिशेब आधी मांडावा. वासे कमकुवत ठरले तर तक्ते जमिनीवर, तळीच्या पलीकडच्या मोकळ्या जागेत उभे करता येतील. सूर्य तिथेही तोच आहे.

आणि एक विनंती. गेल्या सभेच्या इतिवृत्तात मी "एकमताने मंजूर" असे लिहिले, ते चूक होते. एक महाजन उभे राहिले होते, त्यांचा प्रश्न नोंदवला गेला नाही. ते आज पहिल्या रांगेत बसले आहेत. पुढील सभेत इतिवृत्त कायम करताना ती दुरुस्ती मी स्वतः सुचवीन : "एका महाजनांनी तक्त्यांच्या वजनाविषयी विचारणा केली." एवढे एकच वाक्य. चाळीस वर्षे कारकुनी केलेल्या माणसाला ते आधीच लिहिता आले असते.